शंभरीचा आहार

साताऱ्याहून न्यूझीलंडमधल्या पापाकुऱ्याला मुलाकडे आल्यावर सरोजताईंचं जेवण वजनकाट्यावर चढलं. रणजित फार्मसिस्ट होता. "आई, उपाशी राहायचं नाही. कॅलरी हळूहळू कमी करायच्या, पोषण मात्र पुरेपूर," असं म्हणत त्यानं डॉक्टरांना विचारून भात अर्ध्या वाटीवर आणला, साखर बंद केली आणि मूग, पालक, अंडी, दही वाढवलं. सरोजताई मुकाट्यानं जेवत. दिवसभर घरात त्या एकट्याच असत. मुलगा-सून संध्याकाळी येत आणि आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसत.

तीन महिन्यांनी रिपोर्ट उत्तम आले.

"असंच चालू ठेवलंस ना आई, तर शंभरी गाठशील!" रणजित खुशीत म्हणाला.

"म्हणजे अजून एकोणतीस वर्षं. तेवढी वर्षं इथे बोलू कोणाशी, रे? मला साताऱ्याचं तिकीट काढून दे."

"तिथे तुझ्या खाण्याकडे कोण बघणार?"

"कोणी नाही. पण शेजारची दमयंती रोज दारातून विचारते, जेवलात का म्हणून."

रणजितनं रिपोर्ट फाइलमध्ये ठेवले. मग म्हणाला, "पुढची तपासणी होऊ दे, मग बघू."

ती तपासणी सहा महिन्यांनी होती. सरोजताईंनी ताट पुढे ओढलं आणि त्या पालक चिवडत बसल्या.