तोफेचे दोन हात

नवे साहेब रुजू झाले त्याच दुपारी संग्रहालयातली तोफ दोन हात आखूड झाली. पण असं काही घडलंच नाही, हे आता सर्वानुमते ठरलंय. तेव्हा आपणही ते विसरू आणि टेपताईपासून सुरुवात करू.

टेपताईच्या गळ्यात मोजायची टेप कायम असायची. ती स्वतः मात्र नोकरीत कायम नव्हती. जुन्या साहेबांनी शब्द दिला होता, "सगळ्या वस्तूंच्या लांब्या मीटरातून हातांत आण. पाट्या लागल्या की तुझी फाइल वर पाठवतो. मीटर म्हटलं की इतिहास कसा ताग्यातल्या कापडासारखा वाटतो."

"कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, हे ठीक," ती म्हणाली. "पण हात कोणाचा?"

साहेबांनी बाही वर सारली. "राजाच्या काळी राजाचा. इथं राजा कोण?"

साहेब अंगापिंडानं आटोपशीर. हात भरला चाळीस सेंटिमीटर. चार मीटरची तोफ दहा हात झाली, पलंग लांबला, भाले लांबले. विटेलाही हात न लावता संग्रहालय वाढलं. पाट्या रंगवल्या टेपताईच्या मामानं. फाइल वर जायच्या आत साहेब निवृत्त झाले.

नवे साहेब दारातून वाकूनच आत आले. पाटी वाचून त्यांनी तोफेवर कोपर टेकवलं आणि मोजत गेले. आठ. पुन्हा मोजलं. आठच.

"दोन हात तोफ गेली कुठे?"

"तोफ तेवढीच आहे, साहेब. तुमचा हात पन्नास सेंटिमीटरचा आहे."

"म्हणजे चोर मी? तोफ पूर्ण मिळेपर्यंत तुमची फाइल हलणार नाही."

पहारेकऱ्याची झडती झाली. त्याच्या डब्यात तोफ नव्हती.

"काय गं, खाल्लीस की काय?" मामानं विचारलं. "तरीच गाल वर आलेत."

"मामा, इथं माझी नोकरी चाललीय!"

"मग बोलाव की जुन्या साहेबांना. ज्याचा हात, त्यानंच मोजावं."

जुने साहेब हात घेऊन आले. मोजले, दहा. नव्यांनी मोजले, आठ.

"तुम्ही घाई करता," जुने म्हणाले.

"तुम्ही हात आखडता घेता," नवे म्हणाले.

दोघं एकमेकांना फार अदबीनं खोटं ठरवत राहिले. शेवटी मामा शिडीवरून कंटाळून म्हणाला, "अहो, मधलं धरा. नऊ!"

नऊ दोघांनाही पटले. आता नऊ भरतील असा हात हवा होता. पहारेकऱ्याचा मोठा पडला, मामाचा रंगानं तोफेला चिकटला. टेपताईनं कोपर टेकवलं आणि मोजलं: नऊ, ना कमी ना जास्त.

"छान!" नवे साहेब म्हणाले. "आजपासून हाच आपला हात. आणि तोफ कधी कमी झालीच नव्हती."

"मग माझी फाइल पाठवताय ना?"

"तोफ हरवलीच नाही, म्हणजे फाइल अडवायला कारण नव्हतं. कारण नव्हतं, म्हणजे ती अडली नाही. अडली नाही, म्हणजे ती केव्हाच गेली असणार."

फाइल त्यांच्या चहाच्या कपाखाली होती. टेपताईला तिथून आपलं नाव दिसत होतं. तिनं कोरा कागद ओढला आणि त्याच हातानं लिहिलं:

"महोदय, संस्थेतील समस्त वस्तूंची लांबी अर्जदाराच्या उजव्या हातावर अवलंबून असल्याने अर्जदारास सेवेत कायम करण्यात यावे. हे नियमात बसत नसल्यास, निदान कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा भाग तरी कायम करण्यात यावा. उर्वरित अर्जदार पूर्वीप्रमाणेच हंगामी तत्त्वावर त्याच्यासोबत हजर राहण्यास तयार आहे."