विहीणबाईंना आलेला वास

लीलाधरला पाण्यातलं कोणी काही शिकवलेलं खपत नसे. उभी हयात समुद्रावर गेलेली, इंजिनाचा नट न् नट स्वतःच्या हाताने बसवलेला. त्यामुळे जावयाच्या फिशटँकसाठी पाइप आणायला तो नवघरच्या दुकानात गेला आणि दुकानदार दिपेश समजावायला लागला, तेव्हाच त्याचं डोकं फिरलं.

"काका, खालच्या टाकीतलं पाणी मोटर वर ढकलते ना, तिथे सिलिकॉनचाच घ्या, जाड. पातळ पाइप वळणावर मोडतो, पाणी अडतं. आणि दुसऱ्या कामाला वापरलेला तर चुकून पण लावू नका."

"कोल्याला मासं शिकवतंस?" म्हणत लीलाधर रिकाम्या हाताने बाहेर पडला. घरी होडीचा उत्तम पाइप पडून होता. कसाही वळवा, चेपणार नाही. पिंपातून इंजिनात डिझेल ओढायला वापरायचा, एवढंच. त्याने तो साबणाच्या गरम पाण्याने धुतला, उन्हात वाळवला, नाकाशी धरला. काही वास नाही.

मग स्वतः साबण लावून दोनदा आंघोळ केली आणि मानेला अत्तर फासलं. बेव्हर्ली पार्कला जावयाच्या घरी जायचं म्हणजे हे ठरलेलंच. लेकीच्या, समिधाच्या साखरपुड्याला सासरचा कुणी पाहुणा कोळीवाड्यात शिरताना नाकाला रुमाल लावून आला होता. पाहुणा ढोकळा खाऊन विसरला. लीलाधर विसरला नव्हता.

भावेश, म्हणजे जावई, कामावर गेला होता. "दुकानातलाच ना, बाबा?" समिधाने विचारलं.

"मंग? दुकानातला न्हाय तं काय!"

पाइप झकास बसला. वरच्या टाकीत पाणी खळखळून पडायला लागलं. टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी होती, भावेशच्या वडिलांनी वारण्याआधी आणलेली. तेव्हापासून विहीणबाई, रंभाबेन, रोज सकाळी त्यांना दाणा घालायच्या आणि गुजरातीत घरच्या तक्रारी सांगायच्या. आत्ताही त्या टाकीपाशी आल्या आणि थबकल्या.

"लीलाधरभाई, कसला तरी वास येतोय का?"

लीलाधरची कानशिलं तापली. एवढं अत्तर लावून शेवटी हेच! "येनारंच वास, विहीनबाई. कोल्याच्या घरचा मानूस हाय मी. न्हाय झेपत तं खिडकी उघडा."

"बाबा!" समिधा ओरडली. रंभाबेनचा चेहरा पडला. "तसं नाही, भाई," एवढंच पुटपुटून त्या आत गेल्या आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या. समिधाला काही वेगळं जाणवलं नाही. ती त्याच डिझेलच्या वासात लहानाची मोठी झालेली. लीलाधर चहा पिताना मनातून खूश होता. आज बोलून टाकलं एकदाचं.

भावेश जेवायला आला, तेव्हा दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग. त्याने मोटर बंद केली, माशांना बादलीतल्या ताज्या खाऱ्या पाण्यात टाकलं आणि पाइप उपसून नाकाला लावला.

"डिझेल! हा दिपेश काय विकतोय? थांब, फोन करून चांगला झापतो त्याला."

भावेशने फोन कानाला लावला. लीलाधरला वाटलं, गप्प बसावं. एक क्षणभर तो खरंच गप्प बसला, आणि त्या क्षणाची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

"ठेव फोन," तो म्हणाला. "पाइप माझ्या होडीचा हाय. खोटं बोललू मी."

बादलीत एक मासा पोहत होता. दुसरा आडवा झाला. पाट्याच्या पाट्या मासळी उपसलेला हा माणूस त्या बोटभर जिवाकडे बघू शकेना.

रंभाबेन बादलीपाशी बसल्या होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "माझीच चूक. मी परत बोलायला पाहिजे होतं. मला तर तेव्हाच पेट्रोलपंपासारखा वास आला होता. पण वाटलं, बोलले तर भाईंना अजून लागेल."

त्या रागावल्या असत्या तर लीलाधरने ऐकून घेतलं असतं. हे मात्र त्याच्याने सहन होईना. ज्या बाईला आपण घालूनपाडून बोललो, तिने आपलं मन राखायला स्वतःच्या नवऱ्याच्या आठवणीचा जीव गमावला. जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

तो बेसिनपाशी गेला, हात खसाखसा घासले. मग परत येऊन दोन्ही तळवे रंभाबेनपुढे धरले, पोरासारखे.

"खरं सांगा, विहीनबाई. वास येतो अजून?"

त्यांनी वाकून हुंगलं. या वेळी बिचकल्या नाहीत. "येतोय. डिझेलचा."

"आणि मासलीचा?"

रंभाबेनने मान हलवली. "तो तर कधीच नाही आला, भाई. मुलांचं लग्न झाल्यापासून एकदा पण नाही. फक्त ते अत्तर फार लावता तुम्ही."