एका माणसापुरती जागा

डोंबिवलीत सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखादी गोष्ट एकमताने पास होणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मंगलदीप सोसायटीत पार्किंगवरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक त्या रविवारी एका बाजूला होते. इमारतीखाली दुकानं, दुकानांपुढे लांबलचक ओटा आणि त्यावर पत्रा. रात्री त्या ओट्यावर माणसं झोपायची. सकाळी पुठ्ठे, गोधड्या, कधी घाण. ते बंद करायचं ठरलं. ओट्यावर लोखंडी काटे बसवायचे. हात वर झाले, चहा आला, विषय संपला.

काम महेंद्रकडे आलं. ठाकुर्लीला नव्वद फुटी रस्त्याच्या मागे त्याचा फॅब्रिकेशनचा भाड्याचा गाळा होता. ग्रिल, शटर, जिन्याचे कठडे, गच्चीवरची शेड, लोखंडातलं काहीही. सोसायटीचा सेक्रेटरी सलिल त्याला मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाला, "असं पाहिजे. पट्टीवर उभ्या सळ्या. टोकदार नको हं, कोणाला लागायला नको. फक्त झोपता येऊ नये."

सलिल वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडून आपण मोकळे होऊ. थंडीत याच ओट्यावर त्याने ब्लँकेटं वाटली होती. "मला काय आनंद होतोय का?" तो महेंद्रला म्हणाला. "पण यांची सोय सरकारने करायची ना? आम्ही आमचा ओटा बघणार." असा प्रत्येक जण आपापला ओटा बघतो, आणि ओट्यावरचा माणूस पुढच्या ओट्यावर जातो. यालाच आपल्याकडे प्रश्न सोडवणं म्हणतात.

महेंद्र टेप घेऊन माप घ्यायला गेला. ओट्याच्या शेवटच्या टोकाला, खांबाच्या आड, उस्ताद बसले होते.

ते तिथे असणार हे त्याला माहीत होतंच. उस्ताद म्हणजे धाकू मिस्त्री. महेंद्र सोळाव्या वर्षी परभणीकडून आला तेव्हा वेल्डिंगचा होल्डर कसा धरायचा हे यांनी शिकवलं. नुसतं शिकवलं नाही. जुन्या डोंबिवलीत एका मोडकळीला आलेल्या इमारतीत त्यांची एक खोली होती, त्या खोलीत महेंद्र चार वर्षं झोपला. त्याचं आडनाव त्यांनी विचारलं नाही. जयंतीला निळा झेंडा लावायला काठी हवी होती, तर स्वतः पाइप कापून दिला. त्यांची बायको हौसाबाई दोघांना एकाच टोपातलं वाढायची.

पुढे हौसाबाई गेली. इमारत धोकादायक ठरली, रिकामी केली, पाडली. नवी बांधून देणारा बिल्डर खड्डा खणून गायब झाला. मूलबाळ नव्हतं. राजापूरकडचं घर पुतण्यांनी वाटून घेतलं आणि त्या वाटणीत काकाला कोणी धरलं नव्हतं. आयुष्यभर वेल्डिंगचा उजेड बघून डोळे गेलेले, त्यामुळे कामही कोणी देईना. महेंद्रने काही महिने त्यांना गाळ्यात झोपवलं. गाळ्याच्या मालकाला कळलं. आत गॅसचे सिलिंडर आणि तू माणूस झोपवतोस? एक तर तो जाईल नाहीतर तू, असं तो म्हणाला. उस्ताद स्वतःच उठले. कुठल्याशा संस्थेच्या निवाऱ्यात गेले, पण तिथे रात्रभर ट्यूबलाइट चालू असायची आणि त्यांच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. तिथून आले ते या ओट्यावर.

मग घरी का नेलं नाही? विचारायला सोपं आहे. महेंद्रची बायको विनिता, तिने तर सरळ म्हटलं होतं, "अहो, आणा की त्यांना घरी. आई गेल्या, त्यांच्या जागेवर झोपतील." महेंद्र म्हणाला, बघू. घर म्हणजे चाळीतली एक खोली आणि मोरी, त्यात मुलगी दहावीत. पण खरं कारण तेही नव्हतं. म्हातारा एकदा आला की परत जायचा नाही, मग आजारपण, मग हगणं-मुतणं काढायचं, हे त्याला आधीच दिसत होतं. जेवणाचा डबा कधी तो न्यायचा, कधी विनिता. जाताना तो ठरवून जायचा की आज बोलायचं, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून परत यायचा. उस्तादही कधी काही मागत नसत, त्यामुळे सगळं झाकली मूठ राहिलं होतं.

"काय बसवतायत?" उस्तादांनी टेपचा आवाज ऐकून विचारलं.

"काटे."

"कोण बसवणार?"

"मीच."

उस्तादांनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सळईला ग्राइंडर मार नीट. धार ठेवू नको."

काम नाकारता आलं असतं. पण मग ते दुसऱ्याने केलं असतं, आणि त्याने काय उस्तादांची पर्वा केली असती? महेंद्रने स्वतःची अशी समजूत घातली आणि त्यातून त्याला युक्ती सुचली. युक्ती त्याला फार आवडली.

"उस्ताद, जरा आडवे व्हा."

"कशाला?"

"व्हा तर."

उस्ताद आडवे झाले. महेंद्रने डोक्यापासून पायापर्यंत टेप धरला.

"तिरडीचं माप घेतोस काय रे?" उस्ताद म्हणाले आणि दोघं हसले.

खांबाच्या आड, मीटरच्या बॉक्ससमोर, तेवढ्या लांबीत त्याने पट्टी बसवलीच नाही. वायरमनला उभं राहायला जागा लागते, असं सलिलला सांगितलं. सलिलने मान डोलावली. बाकी सगळ्या ओट्यावर बोटभर अंतराने सळ्या उभ्या राहिल्या, एकसारख्या, गुळगुळीत. काम संपल्यावर महेंद्र उस्तादांना म्हणाला, "ही जागा तुमची. तुमच्यासाठी सोडलीये मी. दुसऱ्या कोणाला घुसू देऊ नका."

त्या दिवसापासून त्याला झोप चांगली लागायला लागली. घरी न्यायचं राहिलंच होतं, पण आता तेवढी घाई नव्हती.

मंगलदीपचे काटे बघून समोरच्या सोसायटीने तसेच मागितले. मग बँकेच्या पायऱ्या, मग एका मंगल कार्यालयाचा कट्टा. महेंद्रची चलती झाली. झोपणारे पांगले. काही पुलाखाली गेले, तिथे कुंपण पडलं. काही स्टेशनकडे गेले, तिथून त्यांना उठवलं. पावसाळा अर्धा होईपर्यंत त्या सगळ्या रस्त्यावर कोरडी आणि सपाट अशी एकच जागा उरली, आणि ती एका माणसापुरती होती.

शकू नावाची एक म्हातारी पूर्वी याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला झोपायची. भाजी बाजार झाडायची, उरलंसुरलं गोळा करायची, कधी उस्तादांना चहा आणून द्यायची. ती कामाला गेली की उस्ताद तिचं गाठोडं सांभाळायचे. काटे बसल्यावर ती बंद टपरीच्या आडोशाला गेली. पाऊस आला की ती टपरीही गळायची. मग ती परत येऊन खांबाजवळ उभी राहायची.

आणखीही लोक येऊन उभे राहायचे. एकदा महेंद्रने पाहिलं, उस्तादांचा ओठ फुटलेला.

"काय झालं?"

"पडलो."

त्यांच्या हाताशी अर्धी वीट होती. ती कशाला, हे महेंद्रने विचारलं नाही. उस्ताद आता चहालासुद्धा उठत नसत. उठलं की दुसरा बसतो, म्हणायचे. एका दुपारी महेंद्र डबा घेऊन पोचला तर शकू तिथे पाय पसरून बसलेली आणि उस्ताद तिच्या अंगावर ओरडत होते, "ऊठ. माझी जागा आहे ही. माझ्या माणसाने सोडलीये मला." अख्ख्या आयुष्यात त्यांचा असा आवाज महेंद्रने ऐकला नव्हता. तरी 'माझ्या माणसाने' ऐकून त्याला बरं वाटलं. त्याला बरं वाटलं, ही गोष्ट दडवण्यात अर्थ नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला होता तेव्हा एका सकाळी दूधवाल्याला शकू दिसली. ओट्यावरच्या सळ्यांवर उताणी पडलेली, डोकं मागून फुटलेलं. सळ्यांना धार नव्हती, पण पडणाऱ्या म्हातारीला धारेची गरज नसते. पोलीस आले, पाय घसरून पडली असं ठरलं, तिला घेऊन गेले. मागे विचारायला तिचं कोणी आलं नाही. खांबाआडची जागा रिकामी होती.

महेंद्र उस्तादांना शोधत फिरला. डोंबिवली स्टेशन, कल्याणचा स्कायवॉक, मोहनेपर्यंत जाऊन आला, कारण तिथल्या एका कारखान्यात उस्तादांनी तरुणपणी काम केलं होतं. कुठेच नव्हते. विनिता जेवायला वाढताना रोज विचारायची, "सापडले?" तो नकारार्थी मान हलवायचा.

आठवड्याने एका दुपारी उस्ताद आपणहून गाळ्यावर आले. भिंतीला हात लावत लावत. महेंद्रने मशीन बंद केलं, स्टूल पुढे केलं, पाणी दिलं.

"खाल्लंत काही?"

"ती पडली नाही," उस्ताद म्हणाले. "मी ढकलली."

महेंद्रने गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलं.

"मी मुतायला उठलेलो. येऊन बघतो तर ही आडवी झालेली. म्हटलं, ऊठ. बोलली, पाऊस थांबला की उठते मिस्त्री. तो पाऊस काय थांबणार? हाताला धरून खेचली. उठेना. उठली ती मलाच चावली. मग ढकलली." उस्तादांनी पेला खाली ठेवला. "आवाज आला नुसता. मला दिसलं नाही काही. हात लावून बघितलं तेव्हा कळलं."

"उस्ताद, तुम्ही मुद्दाम नाही..."

"मुद्दामच. जागा माझी होती ना." ते शांतपणे बोलत होते. "आधी आम्ही पाच-सहा जण झोपायचो त्या ओट्यावर. कोणी आलं की सरकायचो. कधी भांडण नाही झालं रे. सगळ्यांना माहिती होतं, ओटा कोणाच्या बापाचा नाही. मग तू मला बोललास, ही जागा तुमची."

"तुमच्या चांगल्यासाठीच केलेलं मी."

"माहितीये. मी कुठे काय बोलतोय?"

चौकीवर जाऊन सांगून आलो, असंही ते म्हणाले. हवालदाराने बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, बाबा, त्या केसचं झालंय सगळं, तुमचं डोकं ठिकाणावर नाही, जा. उस्ताद दुसऱ्या दिवशी परत गेले. दुसऱ्या दिवशी चहाही मिळाला नाही. "मला वाटलेलं, आत तरी घेतील," ते म्हणाले.

महेंद्रला शकूचं वाईट वाटत होतं, उस्तादांचं वाटत होतं, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा राग येत होता.

"तसली पट्टी उरलीये का?" उस्तादांनी विचारलं.

"आहे."

"चल. ती जागा बंद करू."

टेम्पोत पट्टी टाकून दोघं मंगलदीपला गेले. उस्तादांनी पट्टी दोन्ही हातांनी दाबून धरली, महेंद्रने ड्रिल मारून बोल्ट आवळले. ड्रिलची धूळ उस्तादांच्या तोंडावर उडत होती, पण त्यांनी हात सोडला नाही. सलिल ऑफिसमधून लवकर आला होता, तो गेटमधून बघून थांबला.

"अरे, आणि मीटरचं काय?"

"वायरमन उभा राहील कुठेतरी," महेंद्र म्हणाला.

"बरं केलंस. त्या बाईचं झाल्यापासून लोक सारखे बोलत होते मला." सलिलने उस्तादांकडे पाहिलं. पट्टी धरणारा मदतनीस समजून त्यांनाही थँक्यू म्हटलं आणि वर गेला.

उस्तादांनी सळ्यांवरून हात फिरवला. सगळ्या एकसारख्या आहेत का ते तपासत असावेत. मग गाठोडं उचललं.

महेंद्र म्हणाला, "उस्ताद, घरी चला."

किती दिवस जे बोलायचं होतं ते इतकं पटकन बोलून झालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"विनिता बोललेली मला," उस्ताद म्हणाले. "डबा घेऊन आलेली तेव्हा. एकदा नाही, तीन-चारदा बोलली. रडली पण एकदा."

"मग आला का नाहीत?"

"मी तिला म्हटलं, महेंद्र बोलेल तेव्हा येईन. त्याचं घर आहे. त्याच्या तोंडून येऊ दे. रोज वाटायचं, आज बोलशील."

महेंद्रने त्यांच्या हातातलं गाठोडं धरलं. "आता बोलतोय ना. चला."

"आता कसा येऊ? तुझी मुलगी झोपते तिथे." उस्तादांनी गाठोडं हळूच सोडवून घेतलं. "कोणी अंगाला लागलं तर मी काय करतो, ते मला कळलंय आता."

ते कठड्याला धरून फुटपाथवर उतरले आणि स्टेशनच्या बाजूला चालायला लागले. पावसाची भुरभुर होती. महेंद्रला दोन पावलांत त्यांना गाठता आलं असतं, ओढून टेम्पोत बसवता आलं असतं, घरी विनिताने दार उघडलं असतं. तो ड्रिल हातात घेऊन तिथेच उभा राहिला. उस्ताद वळून बघत नाहीत, खरंच जातायत, हे दिसल्यावर त्याला आधी हायसं वाटलं. रडू त्यानंतर आलं.