आईने पाणी सोडलं

सभागृहात टाळ्या मिळवायला काय लागतं? आवाज लागतो, आणि तो आमदारसाहेबांकडे भरपूर होता. "दुपारी वृद्धाश्रमात सगळे झोपतात. मजल्याला एक आया पुरे! वाचलेला पैसा मोठ्या रुग्णालयांना देऊ," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. प्रयोग म्हणून त्यांच्या आईच्याच वृद्धाश्रमात ही पद्धत सुरूसुद्धा झाली होती. आता संध्याकाळी त्या प्रस्तावावर मतदान होतं.

त्या दुपारी साहेब आईला भेटायला गेले. तिचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. तिने यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

पोटच्या पोराला 'तुम्ही' म्हणाली ती. साहेबांनी बेल दाबली, दाबतच राहिले. कोणी येईना. व्हरांड्यात धावले, तर खोल्याखोल्यांतून बेल वाजत होत्या आणि मजल्यावरची एकुलती आया टोकाच्या खोलीत पडलेल्या आजोबांना उचलत होती. साहेब तिच्यावर ओरडून आईच्या खोलीत परतले.

"तिच्यावर ओरडू नका," शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. "आधी डॉक्टरांना फोन लावा. तुमची आई आठवडाभर घोटभर पाण्यावर आहे."

साहेबांनी फोन लावला. मग विचारलं, "का? पाणी देत नाहीत?"

"देतात की. पण प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि बेल वाजवून आया येईपर्यंत अंथरूण ओलं होतं. तिचं एकदा झालं. तेव्हापासून तिने पाणीच सोडलं. इथे आम्ही सगळ्याच कमी पितो."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तुमची शी-शू काढली तिने. स्वतःची कोणत्या तोंडाने सांगणार? आणि टीव्हीवर ऐकलं हो तुमचं भाषण. दुपारी आम्ही झोपत नाही, साहेब. लघवी धरून पडून राहतो."

असले कसले आमदार आपण, एवढंच साहेबांच्या मनात आलं.

डॉक्टर आले, सलाइन लावलं. "उद्यापर्यंत थांबला असता तर कठीण होतं," ते म्हणाले. साहेब आईचा हात धरून बसले. ही गेली तर आपणच तिला मारलं, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. पक्षाचे फोन येत होते. ते त्यांनी उचललेच नाहीत.

उन्हं उतरल्यावर आईने डोळे उघडले. "बाळ्या, कधी आलास रे?" साहेब लहान मुलासारखे रडले. मग ती हळूच म्हणाली, "त्या मावशीला बोलाव ना जरा." आया खालच्या मजल्यावर गेली होती.

"मी नेतो तुला."

"शी! तू कशाला?"

"तू माझं केलंस ना? चल."

तो तिला धरून घेऊन गेला. ती लाजेने रडली, तोही रडला. मग तो सभागृहात गेला आणि स्वतःच्याच प्रस्तावाविरुद्ध उभा राहिला. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

मंडळी, म्हाताऱ्यांची काळजी ही कुणाची मेहेरबानी नव्हे, आणि काटकसरीची जागा तर नव्हेच. आपण सगळेच त्या खाटेच्या रांगेत उभे आहोत. आज आपण जी माणसं कमी करतो आहोत, ती उद्या आपण हाक मारू तेव्हा येणार नाहीत.