पेल्यातला कॅन्सर

वाघोलीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. महिपती महाराजांनी निळ्याकाळ्या पाण्याचा पेला उंच धरला.

"ही बघा औषधाला न जुमानणारी कॅन्सरची पेशी! डॉक्टर म्हणतात नॅनो. आम्ही म्हणतो अभिमंत्रित नॅनो-तूप!"

चमचाभर तूप पडलं, ढवळलं. वर तवंग, खाली पाणी लख्ख. टाळ्यांनी हॉल दणाणला. श्यामलाताईंनी डोळे मिटून हात जोडले.

संकल्प एकेचाळीस दिवसांचा: आजाऱ्याने रोज ते तूप खायचं, घरच्यांनी उपास करायचे. मध्ये आजाऱ्याने सलाईनमधून औषध घेतलं तर मोडला. ताईंनी आयुष्यात एकही व्रत अर्धवट सोडलं नव्हतं. धाकटी बहीण निशा विज्ञान शिकवायची, पण कॅन्सरच्या केमोने पार थकली होती. ताईंच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिने डॉक्टरांचं नवं औषध पुढे ढकललं.

तिसाव्या दिवशी चतुर्थी होती. ताईंच्या मोबाइलवर निशाने त्या चमत्काराचा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला आणि खोकेपर्यंत हसली.

"ताई, तुझ्या साबुदाण्याची चमचाभर पेज पाण्यात कालव. आता जखमेच्या आयोडीनचे दोन थेंब."

पाणी निळंकाळं झालं.

"माझी व्हिटॅमिन सीची गोळी कुटून टाक."

ढवळताच पाणी स्वच्छ.

"म्हणजे मंत्र खोटा?"

"मंत्राला कशाला बदनाम करतेस? अशीच कुटलेली गोळी तुपात होती."

"पण डॉक्टरांचं नवं औषधही चरबीचंच होतं ना गं?"

"माझ्या पेशी औषध आलं की बाहेर हाकलतात. म्हणून डॉक्टर ते चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून शिरेतून सोडतात, मग हाकलणं अवघड जातं. खाल्लेलं तूप नुसतं पचतं. तुपाने कॅन्सर जात असता, तर रोज तूप खाणाऱ्या कसबा पेठेत कुणाला झालाच नसता!"

दुसऱ्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉ. तनयांनी रिपोर्ट दोनदा वाचले.

"महिन्यापूर्वी यकृत धड होतं. खात्री तेव्हाही नव्हती, पण प्रयत्न करता आला असता. आता तेही निकामी होत चाललंय, हे औषध त्यांना सोसणार नाही."

रिक्षात बसल्यावर ताईंना हुंदका आवरेना. "मीच गं, निशा..."

"अगं, व्रत मोडलं एकदाचं. आता चहा तरी पाज."

दिवाळीआधीच निशा गेली.

बायांनो, देवाजवळ मागा, उपासही करा. पण उपास आपल्या पोटाचा असतो, आजाऱ्याच्या औषधाचा नव्हे. औषध थांबवायला सांगणाऱ्याला पेल्यात काय आहे ते विचारा, आणि त्याच दिवशी विचारा. संकल्प मोडला तर देव समजून घेतो, आजार थांबत नाही.