दोर सोडला तो दिवस

मी काफुए नदीवरचा जुना लोखंडी तराफा. जुना म्हणजे किती, ते मलाही ठाऊक नाही. ज्या लोहाराने मला सांधलं, त्याची नातवंडं आता माझ्यावरून बैल नेतात. मला ना इंजिन, ना शीड. या काठापासून त्या काठापर्यंत तारेचा एक जाड दोर ताणलेला आहे, आणि पुढून-मागून अशा दोन कड्यांनी मला त्यात अडकवलंय. जो चढेल त्याने खाच पाडलेलं एक लाकूड उचलायचं, खाच दोरात अडकवायची आणि ओढायचं. मास्तर असो, पाद्री असो, मुखिया असो, इथे सगळ्यांना घाम येतो.

मित्रांनो, मला माणसांचं भारी कुतूहल. कोण कसा ओढतो त्यावरून मला माणूस कळतो. कुणी नुसता हात लावून ओढल्याचं सोंग करतो, कुणी गाणं म्हणत ओढतो, आणि काही बाया पाठीवर पोर बांधून गड्यांना लाजवतात. मुन्साका हा माझा नावाडी. तो येईल त्याच्यावर खेकसतो, पण माझ्या सांध्यांना ग्रीस लावायला विसरत नाही. आमचं बरं चाललं होतं.

मग निवडणूक आली. ब्राइटन हाबीन्झू नावाचा एक उंचापुरा, गोडबोल्या माणूस कौन्सिलर व्हायला उभा राहिला. प्रचारात तो माझ्यावरून कितीदा गेला, पण गाडीत बसून, काच वर करून. तरी लोक म्हणायचे, "हा आपल्या मातीतला!" मला नवल वाटायचं. कुठल्या मातीतला? पाय तर कधी खाली टेकवत नाही! पण लोकांनी भरभरून मतं दिली आणि तो निवडून आला.

निकालानंतर तो आला, तो शहरातून होडीचं इंजिन घेऊनच. मागे गाणारी-नाचणारी गर्दी. बायांच्या कमरेला त्याच्या तोंडाचं चित्र छापलेली चितेंगे, म्हणजे अंगाला गुंडाळायची रंगीत कापडं, गड्यांच्या गळ्यातही तीच. इंजिन माझ्या मागच्या बाजूला बसवलं आणि साहेब माझ्या कठड्यावर चढले.

"आजपासून ओढाओढ बंद! दोर म्हणजे मागासलेपण. सोडा त्या कड्या!"

"साहेब, पाणी चढलंय," मुन्साका म्हणाला. "आधी रिकाम्या तराफ्यावर चालवून बघू."

"मतं तुला पडली की साहेबांना?" ओबेद ओरडला. सगळ्या समर्थकांत याचा घसा मोठा. गर्दी खो खो हसली, आणि माझी ती खाचेची लाकडं काठावरच्या गवतात भिरकावली गेली. असा राग आला होता म्हणून सांगू!

तेवढ्यात एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत लुयांडो नावाची पोर बाळंतकळांनी तळमळत होती, शेजारी तिची आई. दवाखाना पलीकडच्या काठाला.

"साहेब, भाषण मग करा," लुयांडोची आई म्हणाली. "पोरीला दोराने पलीकडे न्या."

"आजी, दोर कशाला? माझ्या पहिल्याच फेरीत बाळ! ओबेद, फोटो काढ!"

गाडी, गर्दी, सगळे माझ्यावर चढले आणि पुढची कडी सुटली. मागची सोडायला माणसं आली, तर लुयांडोची आई तिच्यावर फतकल मारून बसलेली.

"ही काढायची तर आधी मला नदीत ढकला. त्याचाही फोटो काढा."

"म्हातारीला विकास नको झालाय!" ओबेद म्हणाला.

"राहू दे रे एक," साहेब उदारपणे म्हणाले.

इंजिन घुमलं, आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही मजा वाटली. हात न लावता मी चाललो होतो! पण ऐन मधोमध इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि गप्प झालं.

"पेट्रोल कुठाय?" मुन्साकाने विचारलं.

साहेबांनी ओबेदकडे पाहिलं. ओबेदने शेजारच्याकडे पाहिलं. "इंजिनासोबतच येतं ना ते?" कुणीतरी पुटपुटलं.

प्रवाहाने माझं तोंड खाली फिरवलं. मागच्या त्या एका कडीवर मी लटकत राहिलो आणि माझा सांधा न् सांधा करकरला. लुयांडो किंचाळली. गाणी बंद झाली. लाकडं तर गवतात! मग त्याच समर्थकांनी गळ्यातली कापडं सोडली, तळहातांना गुंडाळली आणि दोराला भिडले. साहेबांनीही दोर धरला, पण ते उलटेच ओढू लागले.

"अहो, दवाखाना त्या काठाला आहे, त्या!" लुयांडोची आई रडत ओरडली. "इतक्यांदा नदी ओलांडलीत, तेवढंही माहीत नाही?"

काठ लागला. लुयांडोला उचलून पळाले, पण दवाखान्याच्या ओसरीवरच मूल झालं. मुलगी. ती रडेना. मी काठाला टेकून कान देऊन होतो, आणि इतका घाबरलो होतो की पाण्याचा आवाजही नकोसा वाटत होता. शेवटी ती रडली. चांगली टाहो फोडून रडली!

आणि गर्दीने काय करावं? "साहेबांनी बाळ वाचवलं!" म्हणून गाणं धरलं. अरे, तुमच्याच हातांची सालं निघालीत ना? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

काही दिवसांनी मायलेकी बाळ घेऊन परत निघाल्या. साहेबही काठावर होते.

"आजी, साहेबांचे आभार मान," ओबेद म्हणाला.

लुयांडोच्या आईने बाळ साहेबांच्या हातात दिलं. ते ताठरले. बाळाची मान कलंडली, तसे त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

"कसं... कसं धरायचं हिला?"

मी चमकलो. या माणसाच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला खरा प्रश्न. ओबेद फिदीफिदी हसला.

"हसू नकोस रे," ती म्हणाली. "विचारलं ना त्याने." आणि तिने साहेबांचा हात धरून बाळाच्या डोक्याखाली नीट ठेवला.

मित्रांनो, माझे सांधे आता गंजलेत. जमलं तर थोडं ग्रीस लावा, माझी लाकडं जागच्या जागी ठेवा. आणि तुम्ही निवडून दिलेला कुणी म्हणाला, "मला येत नाही, दाखवा," तर त्याला हसू नका. दाखवा. बाळ हातात द्यायच्या आधी दाखवलंत, तर उत्तमच.