फोनवरून लागलेला ताप

लालबागच्या चाळीतून हेरंब बायको-मुलीला घेऊन सिंगापूरला फिरायला निघाला, तेव्हा चाळीने त्याला असा निरोप दिला, की जणू तो तिथलं राज्यच घ्यायला चाललाय. चाळ कमिटीचे सेक्रेटरी तात्या यांनी हार घातला आणि 'गिरणी कामगाराचा मुलगा सातासमुद्रापार' असं भाषण ठोकलं. त्या गिरणी कामगाराला, म्हणजे धोंडूला, कुणी दोन शब्द बोलायला सांगितलं नाही. धोंडू ब्याऐंशी साली संपावर गेला होता आणि संप मिटल्याचं त्याला अजून कुणी रीतसर कळवलं नव्हतं. त्यामुळे घरी बसण्याचा त्याचा अनुभव दांडगा. मागे घर सांभाळायला त्याच्याइतका लायक माणूस कुठे मिळणार?

सुरुवातीला हेरंबचे फोन मोठ्या उत्साहात आले. तिथले रस्ते कसे आरशासारखे, माणसं कशी शिस्तीची. "आपल्याकडे काय बाबा, नुसती घाण!" मग एका सकाळी त्याचा आवाज खाली आला.

"बाबा, मृणूला ताप आहे. स्वाइन फ्लू म्हणतायत. कुणाला बोलू नका."

आठ वर्षांची नात. लालबागच्या घाणीत कधी शिंकली नव्हती, ती त्या आरशासारख्या देशात आजारी पडली. तिला दवाखान्यात ठेवलं होतं. सोबत आईला, मीनाक्षीला, राहू दिलं होतं. हेरंबला मात्र तिथल्या सरकारने हॉटेलच्या खोलीत कोंडलं होतं.

धोंडू कुणाला बोलला नाही. ते काम टीव्हीने केलं. 'मुंबईच्या चिमुरडीला परदेशात स्वाइन फ्लू' अशी बातमी आली आणि सोबत कुठल्यातरी उकिरड्यावरच्या डुकराचं चित्र. चाळीला नाव सांगायची गरज उरली नाही. शेजारच्या कमळाबाईंनी हेरंबकडून सेंटची बाटली मागवली होती. त्यांनी धाडकन दार लावलं. नळावर धोंडू गेला की रांग आपोआप मागे सरायची. उभ्या आयुष्यात त्याला एवढा मान मिळाला नव्हता.

संध्याकाळी तात्या आले. नाकाला रुमाल बांधून जिन्यातच थांबले.

"धोंडू, गैरसमज नको. पण त्या लोकांशी तुझा संपर्क आला ना?"

"आला की."

"कधी?"

"सकाळी. फोनवर."

तात्या विचारात पडले. "बराच वेळ?"

"नाही. बिल चढतं म्हणून हेरंबने लवकर ठेवला."

"तरी पण," तात्या म्हणाले, "थोडे दिवस घरातच बस."

एरवी धोंडूला हसू आलं असतं. तो फोनपाशी बसून राहिला. चहा करायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीचा फोन आला. पोरगी काही खात नव्हती. तोंड झाकलेल्या नर्स बघून किंचाळत होती. "तुम्हीच बोला बाबा, माझं ऐकत नाही." नातीशी धोंडू गावच्या मालवणीतच बोलायचा.

"काय गो चेडवा, जेवलंस काय नाय?"

"नाही." आवाज पार बसलेला. "आजोबा, इथे कुणाला तोंडच नाहीये."

"हयसर तरी खंय आसा? आमचे तात्या रुमाल बांधून फिरतत. काल तसोच चहा पिऊक गेले. अर्धो रुमालान प्यायलो!"

पलीकडून हसल्यासारखा खोकला आला. "परत सांगा."

"आधी खा. काय दिलाहा?"

"पेज."

परदेश बघायला जाऊन पेज! पण धोंडूने जीभ आवरली. एका चमच्याला एक गोष्ट, असा सौदा ठरला. तात्यांच्या खऱ्या फजित्या लवकर संपल्या, मग त्याने रचायला घेतल्या. चाळीच्या भिंती पातळ. बंद दारामागून कमळाबाईंचं हसू फुटलं आणि न राहवून त्या ओरडल्या, "अहो, दहीहंडीचं सांगा, लेंगा सुटला होता तो!"

ती हकिकत तीन चमच्यांना पुरली. फोन ठेवल्यावर धोंडूने पाहिलं, तर उंबऱ्याशी माशाच्या कालवणाची वाटी होती. कमळाबाई ती केरसुणीच्या दांड्याने आत सरकवत होत्या. माया होती, पण केरसुणीच्या लांबीएवढ्या अंतरावरून.

ताप उतरला, सरकारने हेरंबलाही सोडलं, आणि मंडळी परत आली. या वेळी हार नव्हता. दारं किलकिली करून चाळ बघत होती. मृणू जिना चढून धावतच आली आणि धोंडूने तिला उचललं. चारपाच दारं लागल्याचा आवाज झाला.

हेरंबने बॅगा टेकवल्या नाहीत तोच सुरुवात केली, "बाबा, हॉस्पिटल काय होतं! आपल्याकडे असं—"

"तू बघितलंस?" धोंडूने विचारलं.

हेरंब थांबला. "नाही. मला खोलीतून सोडतच नव्हते. ती रडायची, मी फोनवर ऐकायचो." चाळीचा परदेशी पाहुणा बॅगेवर बसून ढसाढसा रडायला लागला.

पोराला जवळ कसं घ्यायचं हे धोंडू कधीच विसरला होता. त्याने मृणूला हेरंबच्या मांडीवर बसवलं आणि ताटं घ्यायला आत गेला.